जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारती : दुकान गेल्यावर दरवाजा कोणासाठी उघडतो?

उंबरठा (मूळ लेख)

डिपार्टमेंट स्टोअर बंद पडले की बातमी येते ती कंपनीच्या तोट्याची आणि नोकऱ्या गमावलेल्या माणसांची. पाच-सहा मजल्यांची ती इमारत मात्र जागच्या जागी उभी असते, आणि पुष्कळदा दुकान जितकी वर्षे चालले त्याहून अधिक वर्षे तिला दुसऱ्याच कोणत्या तरी कामासाठी राबावे लागते. गेली काही वर्षे मी अशा इमारतींची माहिती जमवत आहे. त्यातून माझे एक मत तयार झाले आहे आणि ते इथल्या जाणकारांकडून तपासून घ्यावे, या हेतूने हा धागा काढला आहे.

अशा इमारतीत पुढे काय आले, कचेरी की संग्रहालय, शाळा की घरे, एवढेच आपण सहसा विचारतो. मला वाटते, त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : रस्त्याने जाणाऱ्या माणसाला अजूनही आत शिरता येते का? कारण डिपार्टमेंट स्टोअर ही मूळ कल्पना ज्यामुळे नवी ठरली, ती गोष्ट म्हणजे दरवाजा. पॅरिसमध्ये अरिस्तीद बुसिको यांनी १८५२ पासून ‘बाँ मार्शे’ वाढवायला घेतले, तेव्हा त्यांनी वस्तूंच्या किमती ठरावीक ठेवल्या, घासाघीस बंद केली, न पटलेला माल परत घेण्याची सोय केली आणि काहीही विकत न घेता हिंडून परत जाण्याची गिऱ्हाइकाला मुभा दिली. तोवरच्या बहुतेक दुकानांत आत पाऊल टाकले की काहीतरी घेणे जवळपास भागच असे. नुसते बघायला या, असे सांगणाऱ्या या इमारतींमध्ये पुढे विश्रांतीची दालने, वाचनाच्या खोल्या, चहाची जागा आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे आली, आणि शहरात एकटीने फिरणाऱ्या बाईला निर्धास्तपणे थांबता येईल अशा मोजक्या जागांपैकी ती एक झाली.

माझे मत पक्के केले ते बर्लिनमधल्या टोरश्ट्रासवरच्या एका इमारतीने. तिथे १९२९ मध्ये ‘योनास’ हे डिपार्टमेंट स्टोअर सुरू झाले. मालक ज्यू होते. एकरकमी पैसे मोजू न शकणाऱ्या माणसांना तिथे हप्त्यांवर माल मिळत असे आणि दुकानाची ओळखच ती होती. नाझी राजवटीत मालकांच्या हातून ते गेले आणि इमारतीत हिटलरच्या युवक संघटनेचे मुख्यालय आले. युद्ध संपल्यावर, १९४६ पासून, शहराच्या पूर्व भागात सत्तेवर आलेल्या समाजवादी एकता पक्षाने तिथे आपले मुख्यालय थाटले. पक्षाची केंद्रीय समिती १९५९ मध्ये दुसरीकडे गेल्यावर ती वास्तू मार्क्सवाद-लेनिनवादाच्या अभ्याससंस्थेकडे राहिली. जर्मनी एक झाल्यानंतर ती मूळ मालकांच्या वारसांना परत मिळाली, बराच काळ रिकामी पडली आणि २०१० पासून तिथे सभासदांसाठीचा खासगी क्लब आणि हॉटेल आहे. युवक संघटना, पक्ष, संस्था आणि क्लब यांच्यात एरवी काहीही साम्य नाही. पण हप्त्यावर कोट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासाठी जो दरवाजा सताड उघडा होता, तो यांपैकी एकानेही तसा उघडा ठेवला नाही. या इमारतीची जतन केलेली वास्तू म्हणून प्रशंसा होते. ती योग्यच आहे, तरी मला ती अपुरी वाटते.

याउलट उदाहरण जर्मनीतल्याच केम्निट्स शहराचे. वास्तुविशारद एरिख मेंडेलझोन यांनी शॉकेन कंपनीसाठी उभारलेले तिथले दुकान १९३० मध्ये उघडले. रस्त्याच्या वळणाबरोबर वळत जाणारा दर्शनी भाग आणि त्यावर आडव्या खिडक्यांचे सलग पट्टे, अशी ती इमारत. ही कंपनीही नाझींनी ज्यू मालकांकडून हिरावली. पूर्व जर्मनीच्या काळातही तिथे दुकानच होते, आणि पुनर्एकीकरणानंतर २००१ पर्यंत विक्री चालू राहिली. २०१४ पासून तिथे सॅक्सनी राज्याचे पुरातत्त्व संग्रहालय आहे, आणि त्याच संग्रहालयाने कंपनीचे मालक झाल्मान शॉकेन, मेंडेलझोन आणि त्या दुकानाचा इतिहास यांनाही जागा दिली आहे. इमारतीने स्वतःची हकीकत स्वतःच्याच भिंतीत सांगावी, हे मला फार मोलाचे वाटते. मेंडेलझोन यांचेच श्टुटगार्टमधले शॉकेन १९६० मध्ये पाडले गेले. त्याला असे दुसरे आयुष्य मिळालेच नाही.

कोणत्या इमारतीला कोणते आयुष्य मिळेल, हे बांधणीतच ठरून जाते का? बांधकामाच्या बाजूने कोणी लिहू शकले तर फार बरे होईल.

तुळई

उत्तम विषय. मी संरचनेच्या बाजूने लिहितो, कारण या इमारती टिकल्या त्यात हौसेपेक्षा सांगाड्याचा वाटा मोठा आहे.

दुकानाला लागते ती सलग, अडथळा नसलेली जागा. म्हणून आधी बिडाचे आणि पुढे पोलादी वा काँक्रीटचे खांब ठरावीक अंतरावर उभे करून मधल्या भिंती काढून टाकल्या गेल्या. भार खांब आणि तुळया पेलतात. पडदी कुठेही घाला, कुठूनही काढा, इमारतीला फरक पडत नाही. मजल्यांची उंचीही घरापेक्षा बरीच जास्त असते. त्यात माल आणि गर्दी दोन्ही धरून जमिनी बांधलेल्या असल्यामुळे त्या राहत्या घराच्या सुमारे दुप्पट भार सहज घेतात. या तीन गोष्टी एकत्र असल्या की ती इमारत बहुतेक कोणत्याही कामाला जुंपता येते. अपवाद ग्रंथालयाच्या कपाटांचा : दाटीने रचलेली पुस्तके दुकानाच्या मालापेक्षाही जड भरतात, त्यामुळे तिथे जमीन पुन्हा तपासावीच लागते.

अडचण असते ती उजेडाची. जुन्या इमारतींत मधोमध चौक आणि त्यावर काचेचे छत असे, कारण गॅसच्या दिव्यांनी एवढी मोठी जागा नीट उजळत नसे आणि दिव्यांची उष्णताही त्रासदायक होई. विजेचे दिवे आणि पुढे वातानुकूलन आल्यावर चौक ही वाया जाणारी जागा वाटू लागली. कित्येक ठिकाणी त्यात मजले घालून विक्रीची जागा वाढवली आणि मालाची मांडणी करायला भिंत हवी म्हणून खिडक्याही बुजवल्या. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बांधलेल्या दुकानांना तर वरच्या मजल्यांवर खिडक्याच ठेवल्या नाहीत. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातली इमारत आज नव्या कामासाठी १९६० नंतरच्या इमारतीपेक्षा सोपी पडते. जुन्या इमारतीत चौक मोकळा केला, खिडक्या उघडल्या की मूळ योजना परत हाती येते. नवीत परत मिळवण्यासारखे काही नसते.

ब्रुसेल्समधली दोन उदाहरणे या दृष्टीने पाहावीत. व्हिक्तोर ओर्ता यांनी १९०६ मध्ये पुरी केलेली वोकेझ या कापडव्यापाऱ्यांची इमारत १९७० मध्ये बंद पडली आणि १९८९ पासून तिथे चित्रकथांचे संग्रहालय आहे. कापडाचा रंग खऱ्या उजेडात दिसावा म्हणून ठेवलेले काचेचे छत आज चित्रे पाहायला उपयोगी पडते. पोल सँतेनोआ यांचे १८९९ चे ‘ओल्ड इंग्लंड’ २००० पासून वाद्यसंग्रहालय झाले आहे. दोन्ही ठिकाणी सांगाडा आणि उजेड यांना फार कमी हात लावावा लागला.

प्रकाशवाट

तुळई यांचा प्रतिसाद वाचून एक विचारावेसे वाटते. शहरांत घरे कमी आहेत आणि दुकाने रिकामी आहेत, तर दुकानांची घरे करा, असे सर्रास सुचवले जाते. ते इतके सरळ आहे का?

तुळई

सरळ नाही. खिडकीतून येणारा उजेड कामापुरता सहा-सात मीटर आत पोचतो. दुकानाची इमारत एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत चाळीस-पन्नास मीटर रुंद असू शकते. कडेने घरे केली तर मध्ये अंधारा गाभा उरतो. त्यात साठवणीच्या खोल्या करून किती करणार? उजेडासाठी मध्ये नवा चौक कापला तर क्षेत्रफळ जाते आणि खर्च वाढतो. दुसरा प्रश्न सांडपाण्याचा. दुकानात स्वच्छतागृहे एका कोपऱ्यात असतात, घरांना मात्र प्रत्येक दाराआड मोरी लागते, म्हणजे स्लॅबमध्ये शेकडो भोके. मजल्याची उंची भरपूर असल्यामुळे नळ्या खोट्या छताआड नेता येतात, तेवढीच सोय.

हे अशक्य नाही. मेम्फिसमध्ये सीअर्स कंपनीने १९२७ मध्ये दुकान आणि टपालाने माल पाठवण्याचे केंद्र अशी दुहेरी इमारत उभारली होती. ती पुढे वाढत गेली, १९९३ मध्ये पूर्ण बंद झाली आणि दोन दशकांहून अधिक काळ रिकामी राहिल्यावर २०१७ मध्ये पुन्हा उघडली. आज तिथे घरे आहेत, दवाखाने आहेत, शाळा आहे, कलाकारांच्या जागा आहेत. पण इतक्या अवाढव्य इमारतीत मध्ये मोठे चौक मोकळे केले म्हणून ते साधले, आणि सगळा भार एकट्या घरांवर टाकला नाही म्हणूनही.

जुनीपाने

मूळ लेखात बर्लिनचे उदाहरण वाचल्यावर मॉस्कोच्या ‘गुम’ची आठवण झाली. लाल चौकासमोरची ही इमारत १८९३ मध्ये व्यापारी दालने म्हणून उघडली. तिचे काचेचे कमानदार छत व्लादिमीर शुखोव्ह या अभियंत्याचे. १९२८ मध्ये स्टालिनने दुकान बंद करून ती पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या कचेऱ्यांना दिली. १९३२ मध्ये त्याच्या पत्नीचे पार्थिव दर्शनासाठी तिथेच ठेवले होते. स्टालिनच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये दुकान पुन्हा सुरू झाले. पंचवीस वर्षे कचेऱ्या राहूनही इमारत परत दुकान होऊ शकली, हे मला महत्त्वाचे वाटते. दुकानाची कचेरी होणे हा शेवटच असतो असे धरून चालू नये.

दुसरे उदाहरण तैवानमधल्या ताइनानच्या हयाशी डिपार्टमेंट स्टोअरचे, आणि ते मला अधिक जवळचे आहे. जपानी राजवटीत, १९३२ च्या डिसेंबरात ते उघडले. शहरात इतकी उंच इमारत दुसरी नव्हती, म्हणून लोक तिला ‘पाच मजली’ एवढेच म्हणत. लिफ्ट पाहायलाही माणसे येत. १९४५ च्या हवाई हल्ल्यांत तिचे नुकसान झाले. जपानी गेल्यावर मिठाचा कारभार, हवाई दलाचे प्रसारण आणि पोलीस अशा सरकारी कामांसाठी ती वापरली गेली आणि पुढे ओस पडली. दुरुस्तीनंतर २०१४ मध्ये ती डिपार्टमेंट स्टोअर म्हणूनच पुन्हा सुरू झाली. गच्चीवर जपानी काळातल्या देवळाचे अवशेष आणि हल्ल्याच्या खुणा जशाच्या तशा ठेवल्या आहेत. वसाहतीच्या सत्तेची आठवण असलेली वास्तू तिथल्या समाजाने आपली म्हणून जपली. त्यासाठी तिचा इतिहास गुळगुळीत करावा लागला नाही.

आणि कधीकधी इमारत गेल्यावरही तिचा एखादा तुकडा काम करत राहतो. बर्लिनमधल्या लाइप्त्सिगर प्लात्सवरचे वेर्टहाइम हे युरोपातल्या सर्वांत भव्य दुकानांपैकी एक. युद्धात ते उद्ध्वस्त झाले आणि १९५० च्या दशकात त्याचे अवशेष पाडले गेले. जमिनीखालचे तिजोरीघर मात्र सीमेच्या पट्ट्याजवळ दबून राहिले. बर्लिनची भिंत पडल्यानंतर काही तरुणांना ते सापडले आणि १९९१ मध्ये तिथे ‘ट्रेझोर’ हा टेक्नो संगीताचा क्लब सुरू झाला. नावाचा अर्थच तिजोरी. गंजलेल्या लॉकरांच्या रांगांमध्ये २००५ पर्यंत तो चालला.

सावकाश

धागा वाचनीय आहे, परंतु मूळ लेखातल्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत होऊ शकत नाही. ‘दरवाजा सर्वांसाठी उघडा होता’ हे विधान दुकानांनी स्वतःविषयी केलेली जाहिरात आहे, आणि आपण ती जशीच्या तशी स्वीकारत आहोत.

अटलांटामधल्या ‘रिचेस’ या डिपार्टमेंट स्टोअरचे उदाहरण घ्यावे. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांचे पैसे तिथे चालत होते. गोऱ्यांसाठीच्या उपाहारगृहात त्यांना बसू मात्र देत नव्हते. याविरुद्ध विद्यार्थ्यांनी केलेल्या सत्याग्रहात मार्टिन ल्यूथर किंग सामील झाले आणि १९ ऑक्टोबर १९६० रोजी त्यांना तिथे अटक झाली. हा प्रसंग एखाद्या न्यायालयासमोर वा सरकारी कचेरीत घडला नाही. खुल्या दरवाजाच्या या इमारतीतच तो घडला. शहराच्या मध्यभागातले ते दुकान १९९१ मध्ये बंद झाले आणि त्याची १९२४ ची इमारत पुढे केंद्र सरकारच्या कचेऱ्यांच्या संकुलात सामावली गेली. तिथे आज शिरताना तपासणी होते हे खरे, पण ती सर्वांची सारखी होते. कोणता दरवाजा अधिक उघडा, हे मला तरी इतक्या सहज सांगता येणार नाही.

तेव्हा दरवाजा उघडा होता की नाही, एवढे विचारून भागणार नाही. तो कोणासाठी, इमारतीच्या कोणत्या मजल्यापर्यंत आणि कोणाच्या मर्जीने उघडा होता, हेही लिहावे लागेल.

प्रकाशवाट

सावकाश यांचा मुद्दा मनापासून पटला. शाळेचेही एक उदाहरण नोंदवते. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन शहराच्या हायस्कूलच्या इमारतीत २०२० मध्ये पीसीबी ही घातक रसायने आढळली आणि ती बंद करावी लागली. मार्च २०२१ मध्ये शाळा मेसीज कंपनीच्या बंद पडलेल्या दुकानात भरू लागली. मुले सरकत्या जिन्यांनी वर्गात जात, वर्गांच्या पडद्या छतापर्यंत पोचत नसल्यामुळे शेजारच्या वर्गातला आवाज ऐकू येई आणि खिडक्या जवळपास नव्हत्याच. तुळई यांनी सांगितलेले गुण आणि दोष दोन्ही इथे एकत्र दिसतात : काही महिन्यांत वर्ग उभे करता आले ते मोकळ्या सांगाड्यामुळे, आणि उजेड मिळाला नाही तोही त्याच दुकानी बांधणीमुळे. महामारीने मुले आधीच घरात कोंडली गेली होती. अशा वेळी त्यांना एकत्र बसायला कोणतीतरी जागा मिळाली, याचे मोल मला उजेडाच्या उणिवेपेक्षा मोठे वाटते.

तुळई

एका इमारतीत अनेक उपयोग एकत्र आणण्याविषयी इथे आपण चांगले बोलत आहोत, म्हणून त्यातला धोकाही सांगायला हवा. ओसाकातली सेन्निची डिपार्टमेंट स्टोअरची इमारत मुळात १९३२ मध्ये बांधलेले काबुकी नाट्यगृह होते. १९५८ मध्ये त्याचे दुकान झाले. १३ मे १९७२ च्या रात्री दुकाने बंद असताना तिसऱ्या मजल्यावर आग लागली. सातव्या मजल्यावर मात्र कॅबरे चालू होता. खालच्या मजल्यांना वरची माहिती नाही, वरच्यांना खालची नाही. धूर जिन्यांतून आणि हवेच्या मार्गांतून वर चढला आणि ११८ माणसे मरण पावली, त्यांतली बरीचशी आग न पोचलेल्या मजल्यावर. एकाच छताखाली निरनिराळ्या वेळी चालणारे निरनिराळे मालक आले की इशाऱ्याची घंटा, बाहेर पडण्याचे जिने आणि धूर अडवणारे दरवाजे हे सगळे एकाच व्यवस्थेखाली असावे लागतात.

पाच वर्षे आधी, २२ मे १९६७ रोजी, ब्रुसेल्समध्ये ओर्ता यांचेच ‘इनोव्हासियाँ’ हे डिपार्टमेंट स्टोअर जळाले होते आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. मधला उघडा चौक, ज्याचे मी वर कौतुक केले, तोच आग वर खेचणारे धुराडे ठरला. त्यामुळे आज चौक पुन्हा मोकळा करताना धूर बाहेर काढणारी यंत्रणा, आगीत आपोआप खाली येणारे पडदे आणि पाण्याचे फवारे यांवर मोठा खर्च होतो. हा खर्च पाहून मालक हात आखडतात आणि इमारत रिकामी राहते. रिकामी राहणे हा तर सर्वांत वाईट उपयोग : छपरावरचे पन्हाळे तुंबतात, पाणी आत मुरते, पोलाद गंजते. डेट्रॉइटमधले हडसन्स १९८३ मध्ये बंद झाले आणि पंधरा वर्षे रिकामे राहिल्यावर ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरुंगाने पाडावे लागले.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. सावकाश यांच्या प्रतिसादानंतर दोन दिवस मी माझी टिपणे पुन्हा वाचली. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. ‘योनास’चा दरवाजा मी सताड उघडा म्हटला, १९३३ नंतर ज्यू दुकानांपुढे पहारे बसले तेव्हा त्याच दरवाजाचे काय झाले असेल, हे मी लिहायला हवे होते.

तरीही प्रश्न सोडवत नाही, आणि त्याला कारण फिलाडेल्फियातले वानामेकर हे डिपार्टमेंट स्टोअर. डॅनियल बर्नहॅम यांनी बांधलेल्या या बारा मजली इमारतीचे १९११ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या उपस्थितीत लोकार्पण झाले. मधल्या भव्य चौकात १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनातून आणलेला ब्राँझचा गरुड आणि तिथलाच ऑर्गन बसवला आहे. हा ऑर्गन दुकानातच वाढवत नेला आणि आज त्याला अठ्ठावीस हजारांहून अधिक नळ्या आहेत. दुकान हळूहळू खाली सरकत गेले, वरच्या मजल्यांवर कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या. २००६ पासून तिथे मेसीज होते. ऑर्गन मात्र रोज वाजत राहिला आणि तो ऐकायला कोणालाही, एक पैसाही खर्च न करता, गरुडापाशी येऊन थांबता येत असे. मार्च २०२५ मध्ये मेसीज बंद झाले. ऑर्गन भिंतींत बांधलेला आहे, तो हलवता येत नाही. चौकावर वर्षानुवर्षे लोकांनी केलेली ही वहिवाट कोणत्या कागदावर लिहिलेली होती? इमारतीच्या दर्शनी भागाला कायदा संरक्षण देतो, आतल्या कोरीवकामालाही कधी देतो. दुपारी तिथे येऊन बसण्याच्या सवयीला संरक्षण कसे द्यायचे, हे मला अजून कळलेले नाही.

पॅरिसच्या ‘सामारितेन’ने त्याचे एक अर्धे उत्तर दिले आहे. सुरक्षेच्या कारणाने २००५ मध्ये बंद झालेले हे दुकान, रिव्होली रस्त्याकडच्या नव्या काचेच्या दर्शनी भागावरून न्यायालयात गेलेला वाद संपल्यावर, २०२१ मध्ये उघडले. तिथे आता महागडे दुकान आणि त्याहून महागडे हॉटेल आहे. पूर्वीच्या साध्या गिऱ्हाइकाला त्यात परवडण्यासारखे फारसे काही नाही. पण त्याच संकुलात ९६ सामाजिक घरे आणि एक पाळणाघरही आहे, कारण शहराने परवानगी देताना तशी मागणी धरली. हा समतोल पुरेसा आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ही गोष्ट मालकाच्या मर्जीवर न सोडता आधीच लिहून घेता येते, एवढे त्यातून दिसते.

माझ्या टिपणांतल्या प्रत्येक इमारतीपुढे आता मी दोन रकाने वाढवले आहेत : कोणत्या दरवाजातून कोण येत होते, आणि त्यांना कुठपर्यंत जाऊ दिले जात होते. ‘योनास’च्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात केली आहे. ‘गुम’ आणि हयाशी यांच्याबद्दल जुनीपाने यांना या दोन रकान्यांत काही भरता आले तर इथेच लिहावे.